गिअरबॉक्स उतरवण्याआधी: जुन्या जीपचा क्लच स्लिप का मारतो

इंजिनाचा आवाज चढत जातो, पण गाडी काही उचलत नाही. मागे आंब्याचे क्रेट भरलेले असतात, बागेतून सड्यावर येणारी कच्ची चढण असते, आणि थोड्या वेळाने केबिनमध्ये करपट वास भरतो. कोकणात जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह बाळगणाऱ्या कुणालाही हा वास नवा नाही. मेस्त्रीकडे नेली की बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं: "प्लेट गेली. बॉक्स उतरवायला लागेल."

ते पुष्कळदा खरं असतं. पण प्लेट का गेली हे कुणी विचारत नाही, आणि माझ्या मते खरा खर्च तिथे होतो. कारण तसंच राहिलं तर नवी प्लेटही त्याच वाटेने जाते. कधी कधी तर प्लेट ठणठणीत असते, दोष पेडलपासून फोर्कपर्यंतच्या (पेडलचा दाब क्लचपर्यंत नेणारी दांडी) भागात असतो आणि गिअरबॉक्स विनाकारण खाली येतो. फोर-बाय-फोरमध्ये हे काम साध्या गाडीसारखं नसतं. ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणारी पेटी), तिथून ॲक्सलकडे जाणारे दोन प्रॉपेलर शाफ्ट, दोन-तीन लिव्हर, मधला क्रॉसमेंबर असं सगळं सोडवावं लागतं. म्हणून आधी तपास, मग पाना.

आत काय चालतं, ते थोडक्यात. इंजिनाच्या मागे फ्लायव्हील फिरतं. त्याला चिकटून क्लच प्लेट असते आणि तिच्यामागे स्प्रिंगवाली प्रेशर प्लेट, जी क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरते. प्लेटच्या मधल्या दातेरी भोकात गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट बसलेला असतो. इंजिनाची सगळी ताकद प्लेटच्या दोन बाजूंच्या घर्षणातून पुढे जाते, मध्ये दुसरा कसलाही सांधा नाही. प्लेटच्या लायनिंगचा, म्हणजे दोन्ही बाजूंच्या घर्षणाच्या थराचा, घर्षणांक साधारण ०.३ ते ०.४ असतो. इंजिनाच्या कमाल टॉर्कपेक्षा (पिळण्याच्या जोरापेक्षा) निदान सव्वा-दीडपट टॉर्क पेलेल एवढा दाब त्या स्प्रिंगमध्ये ठेवलेला असतो. हा वरचा साठा संपला की क्लच घसरायला लागतो.

साठा संपण्याच्या वाटाही मोजक्या आहेत. स्प्रिंगचा दाब कमी पडतो, लायनिंगचं घर्षण कमी होतं, किंवा स्प्रिंग चांगली असूनही पेडलची यंत्रणा तो दाब थोडा थोडा काढून घेत राहते. या तिसऱ्या कारणासाठी गिअरबॉक्सला हात लावावा लागत नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करायची.

त्याआधी एक खातरजमा. पावसाळ्यात शेवाळलेल्या जांभ्याच्या चढावर मागची चाकं जागच्या जागी फिरतात, तेव्हाही इंजिन ओरडतं आणि गाडी हलत नाही. फरक स्पीडोमीटरवर दिसतो. त्याची केबल क्लचच्या पलीकडे, गिअरबॉक्सच्या मागच्या भागातून, बहुतेक जुन्या जीपमध्ये ट्रान्सफर केसमधून निघते. त्यामुळे चाकं घसरत असतील तर काटा वर जातो. क्लच घसरत असेल तर इंजिन ओरडतं आणि काटा जागेवर राहतो. बऱ्याच जुन्या जीपमध्ये आरपीएमचा काटाच नसतो, तिथे कान आणि स्पीडोमीटर यांची सांगड घालायची. आवाजही चढत नाही आणि वेगही वाढत नाही, अशी तक्रार असेल तर क्लचला दोष देऊ नका. डिझेल फिल्टर चोंदलेला असेल, एअर फिल्टर लाल धुळीने भरलेला असेल, नाहीतर एखाद्या चाकाचा ब्रेक धरून राहत असेल.

क्लचची चाचणी सपाट, मोकळ्या रस्त्यावर घ्या. तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरमध्ये ताशी ३०-४० किलोमीटरवर गाडी स्थिर चालवा आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. वरच्या गिअरमध्ये का? पहिल्या गिअरमध्ये गाडी चटकन पुढे निघून जाते आणि क्लचवरचा पूर्ण भार क्षणभरच टिकतो. वरच्या गिअरमध्ये इंजिन काही सेकंद सतत रेटत राहतं, तेव्हा कमजोर क्लच उघडा पडतो. आवाज एकदम चढला आणि वेग मागून सावकाश आला, तर शंका उरत नाही.

उभ्या गाडीवरही एक चाचणी करता येते. चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा, हँडब्रेक ओढा, पुढे कुणी उभं नाही याची खात्री करा. तिसरा गिअर टाकून थोड्या रेसवर क्लच सावकाश सोडा. इंजिन गचकन बंद पडलं पाहिजे. पेडल पूर्ण सुटूनही ते चालूच राहिलं तर क्लच घसरतोय, लगेच पेडल दाबा. ही चाचणी एकदाच करायची. चार वेळा केलीत तर जी प्लेट थोडी उरली होती तीही जाळून बसाल.

क्लच कधी घसरतो, याची नोंद ठेवा. थंड गाडी नीट चालते आणि अर्ध्या-पाऊण तासाने त्रास सुरू होतो, की सकाळपासूनच? पाण्यातून आल्यावर होतं आणि मग आपोआप जातं का? सुटताना गाडी थरथरते का? मेस्त्रीला हे सांगितलंत तर त्याचं निम्मं काम झालं.

आता पेडल. जुन्या जीपमध्ये पेडल फोर्कला लोखंडी रॉडने किंवा केबलने जोडलेलं असतं. जिप्सीत केबल आहे. पेडल पायाने दाबू नका, हाताच्या दोन बोटांनी दाबा. सुरुवातीला ते अगदी हलकं जायला हवं आणि मग एकदम जड लागायला हवं. त्या हलक्या अंतराला फ्री प्ले म्हणतात. पट्टी लावून मोजा. बहुतेक जुन्या जीपवर पेडलपाशी साधारण २० ते २५ मिलीमीटर असतो, पण तुमच्या मॉडेलच्या पुस्तकातला आकडा अंतिम माना.

प्लेट झिजली की पेडल सैल पडत असेल असं पुष्कळांना वाटतं. होतं उलट. प्लेट पातळ झाली की प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे सरकते आणि तिच्या बोटांची (जी दाबली की क्लच सुटतो) आतली टोकं रिलीज बेअरिंगकडे, म्हणजे फोर्क ढकलतो त्या बेअरिंगकडे, येतात. म्हणजे झीज वाढेल तसा फ्री प्ले कमी होत जातो. कुणी ॲडजस्ट केलं नाही तर एके दिवशी तो शून्य होतो. मग तुमचा पाय जमिनीवर असतानाही बेअरिंग बोटांना रेटत राहतं, जणू कुणीतरी पेडलवर पाय ठेवून बसलंय. प्लेट घसरते, तापते, आणखी झिजते आणि बेअरिंगही दिवसरात्र फिरून बसतं. वेळेवर नट फिरवून पेडलला मोकळीक दिली असती तर दोन्ही वाचले असते. आजही नुसत्या या ॲडजस्टमेंटने क्लच सुधारला तर उत्तम. पण फ्री प्ले परत येतो आणि स्लिप जात नाही, किंवा ॲडजस्टरचे आटेच संपलेत, तर मात्र प्लेट खरोखर गेली.

किनाऱ्यावरच्या गाड्यांत केबलची वेगळी गोष्ट आहे. खाऱ्या हवेने केबल आतून गंजते आणि पेडल सोडल्यावर पूर्ण परत येत नाही. फोर्कचा पिव्होटही असाच आखडतो. केबल फोर्कपासून सोडवा आणि हाताने मागेपुढे ओढून बघा. अडकत असेल तर तेल घालून दोन दिवस ढकलण्यापेक्षा बदलूनच टाका. आणखी एक कारण सहज नजरेतून सुटतं: इंजिन आणि चासी यांच्यामधली अर्थिंगची पट्टी. ती गंजून तुटली की स्टार्टरचा प्रचंड करंट परत जायला दुसरी वाट शोधतो आणि ती वाट बऱ्याचदा क्लच केबल असते. केबल आतून भाजते, आखडते, आणि नवी टाकली तरी पुन्हा तेच होतं. केबल वारंवार जात असेल तर आधी अर्थिंग बघा.

हायड्रॉलिक क्लच (पेडलचा दाब तेलातून जातो तो) असेल तर पेडलपाशी असलेल्या मास्टर सिलिंडरच्या पुशरॉडलाही थोडी मोकळीक लागते. ती नसेल तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही आणि तेल टाकीत परत जाण्याचं बारीक छिद्र उघडत नाही. इंजिन तापलं की पाइपमधलं तेल फुगतं, त्याला जायला जागा नसते, आणि ते फोर्कपाशी असलेल्या स्लेव्ह सिलिंडरमार्फत फोर्कला हळूहळू रेटू लागतं. गाडी सकाळी छान आणि कुंभार्ली घाटाच्या निम्म्यावर गेल्यावर स्लिप, असं असेल तर आधी हा संशय घ्या. जुना रबरी होज आतून फुगला की तोही असंच करतो: तेल जाऊ देतो, येऊ देत नाही. याची परीक्षा सोपी आहे. क्लच घसरत असतानाच गाडी सुरक्षित जागी उभी करा, इंजिन बंद करा आणि पेडलला हात न लावता स्लेव्हचा ब्लीड निप्पल (आतली हवा, तेल काढायची तोटी) किंचित सैल करा. तेल जोराने उडालं आणि निप्पल आवळून निघाल्यावर स्लिप काही काळ गेली, तर दोष मास्टर किंवा होजमध्ये आहे. गिअरबॉक्स जिथे आहे तिथेच राहू द्या. हे तेल ब्रेकचंच असतं आणि हवेतला ओलावा ओढतं. आपल्या दमट हवेत ते वर्षा-दोन वर्षांनी बदलायला हवं, नाहीतर सिलिंडर आतून गंजतात.

पेडलपासून फोर्कपर्यंत सगळं ठीक निघालं तर गाडीखाली जा. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात त्या बेल हाउसिंगच्या तळाशी बहुतेक गाड्यांत एक छोटं छिद्र असतं. तिथे तेलाचा ओघळ आहे का? असेल तर बोटावर घेऊन वास घ्या. काळंभोर, पातळ तेल म्हणजे इंजिन ऑइल, क्रँकच्या मागच्या सीलमधून आलेलं. दाट, पिवळसर आणि गंधकासारखा उग्र वास असलेलं म्हणजे गिअर ऑइल, इनपुट शाफ्टच्या बाजूचं. तेल लागलेली प्लेट सुटताना थरथरते आणि भार आला की घसरते. ते छिद्र लाल चिखलाने बुजलेलं असेल तर आतलं तेल, पाणी बाहेर यायलाच वाट नसते, म्हणून तारेने मोकळं ठेवा. काही लष्करी आणि पाण्यातून जाण्यासाठी बनवलेल्या गाड्यांत तिथे प्लग बसवायची सोय असते. तो पाण्यात उतरण्यापुरता लावायचा आणि नंतर काढायचा.

सील बदलण्याआधी ते का गळलं हेही विचारा. इंजिनाचा ब्रीदर (आतल्या हवेला बाहेर जायची वाट) चोंदला, किंवा रिंगा झिजून क्रँककेसमध्ये धूर साठू लागला, की आतला दाब सीलमधून तेल बाहेर ढकलतो. नवं सील टाकून ब्रीदर तसाच ठेवला तर वर्षभरात पुन्हा तोच ओघळ. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसच्या ब्रीदरचंही तेच. तापलेला बॉक्स ओढ्याच्या गार पाण्यात शिरला आणि ब्रीदर बंद असला तर तो सीलमधून पाणी आत ओढतो. गिअर ऑइल दुधाळ दिसलं तर हेच झालेलं असतं.

तेल लागलेली प्लेट पेट्रोलने धुऊन परत बसवतात. लायनिंग सच्छिद्र असतं, आत मुरलेलं तेल उष्णतेने पुन्हा वर येतं. घरी पोहोचण्यापुरतं ठीक आहे, त्याच्या भरवशावर पेट्या भरू नका. बेल हाउसिंगमध्ये राख किंवा माती फुंकण्याच्या उपायाच्या तर मी पूर्ण विरोधात आहे. घर्षण घटकाभर वाढतं, आणि बेअरिंग, पायलट बुश (इनपुट शाफ्टचं पुढचं टोक धरणारं) आणि फ्लायव्हीलचा पृष्ठभाग कायमचा खराब होतो.

स्लिपशी गल्लत होणारा एक त्रास पावसाळ्यानंतर दिसतो. चार महिने शेडमध्ये उभी राहिलेली जीप सुरू होते, पण क्लच दाबूनही गिअर पडत नाही. प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटलेली असते. हा घसरण्याच्या नेमका उलटा दोष आहे. पावसाळाभर आठवड्यातून एकदा इंजिन गरम करून पाच-दहा वेळा क्लच दाबून सोडला की हे टळतं.

तेल नाही, पेडल ठीक, तरी प्लेट लवकर जळते, तेव्हा उष्णतेचा हिशेब मांडायला हवा. भरलेली जीप दोन टनांची धरा आणि दर आठ मीटरला एक मीटर असा चढ. तिथे ट्रॅफिकमध्ये ब्रेक न लावता क्लचवर गाडी धरून ठेवली, पहिल्या गिअरचं आणि डिफरन्शियलचं मिळून गुणोत्तर १७ च्या आसपास, चाकाची त्रिज्या ३६ सेंटीमीटर, तर क्लचवर साधारण ५० न्यूटन-मीटर टॉर्क येतो. इंजिन मिनिटाला १५०० फेरे मारतंय आणि चाकं थांबलेली आहेत, म्हणजे ती सगळी ताकद उष्णता होते: सुमारे ८ किलोवॉट. ही उष्णता एवढ्याशा बंद जागेत जाते. लायनिंगला बांधून ठेवणारं रेझिन जळतं, पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो आणि घर्षण उतरतं. मग प्लेट आणखी घसरते आणि आणखी तापते.

याच जागी जुन्या जीपचा दुसरा, ट्रान्सफर केसचा लिव्हर कामाला येतो. विलीज घराण्याच्या बऱ्याच जीपमध्ये जी स्पायसर १८ ट्रान्सफर केस असे, तिच्या लो रेंजचं (वेग कमी, जोर जास्त देणाऱ्या गिअरचं) गुणोत्तर २.४६ होतं. लो लावला की चाकावर तेवढीच ताकद मिळवायला क्लचवर २.४६ पट कमी टॉर्क येतो. वरचे ८ किलोवॉट सव्वातीनवर येतात. शिवाय गाडी सुटताना क्लच पूर्ण सोडण्याइतका वेग लवकर गाठला जातो, म्हणजे घसरण्याचा काळही घटतो. तरीही लो रेंज फक्त चिखलात रुतल्यावरच लावायची असते, असं मानून लोक तो लिव्हर वर्षानुवर्षं हलवत नाहीत आणि तो गंजून बसतो. हे मला फार खटकतं. भरलेली गाडी बागेतून वर काढताना, पुळणीवरून होडी ओढताना, चिरेखाणीच्या उतारावरून रिव्हर्समध्ये वर येताना, दाभोळ-धोपावे किंवा वेसवी-बागमांडला फेरीबोटीच्या ओल्या रॅम्पवर, लो लावायलाच हवा. दोन गोष्टी मात्र पाळा. कोरड्या डांबरावर फोर-व्हीलमध्ये वळणं घेऊ नका, कारण या गाड्यांत पुढच्या आणि मागच्या ॲक्सलच्या दरम्यान वेगळं डिफरन्शियल नसतं आणि शाफ्ट पिळले जातात. आणि घाटात थांबायचं तर हँडब्रेकवर थांबा. मूळ मापापेक्षा मोठे टायर टाकले असतील तर सगळं गुणोत्तर उंच झालेलं असतं, क्लचवरचा भार त्या प्रमाणात कायमचा वाढलेला असतो, हेही हिशेबात धरा.

अखेर बॉक्स उतरवायचाच ठरला, तर एकट्याने नाही. ट्रान्सफर केससकट ते वजन दोन माणसांनीही हाताने पेलायचं नसतं, जॅक आणि भक्कम ठोकळे हवेत. बॅटरी सोडवा. प्रॉपेलर शाफ्टच्या फ्लँजवर खूण करूनच बोल्ट काढा, नाहीतर परत बसवताना जागा चुकते आणि थरथर येते. आतली धूळ हवेने उडवू नका. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो, म्हणून ओल्या फडक्याने पुसा.

प्लेट हातात आली की रिव्हेटच्या डोक्यावर लायनिंग किती उरलंय ते बघा. अर्ध्या मिलीमीटरच्या आत असेल तर तिचं काम संपलं. पण ती सांगते त्याकडेही लक्ष द्या. एका बाजूला तेलकट काळेपणा असेल तर गळती. सगळीकडे काचेसारखी चमक असेल तर उष्णता. एकीकडेच झीज असेल तर प्रेशर प्लेट वाकडी किंवा बोटं असमान. फ्लायव्हीलवर निळे डाग आणि केसासारख्या भेगा असतील तर लेथवर फेसिंग करून घ्या. भेगा खोल असतील तर फ्लायव्हील बदला. किती मटेरियल काढायचं यालाही मर्यादा असते आणि ज्या फ्लायव्हीलला पायरी असते तिची उंची मूळ मापावर ठेवावी लागते.

प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग एकत्रच बदला. मागचं क्रँक सील आणि पायलट बुशही त्याच वेळी, कारण स्वस्त भाग आहेत आणि मजुरी पुन्हा तीच पडते. जुन्या मॉडेलची प्लेट मिळत नसेल, घाटावरून मागवूनही येत नसेल, तर जुन्या प्लेटला नवं लायनिंग मारून घेता येतं. मात्र मधल्या स्प्रिंगा घट्ट आणि दातेरी भोक न झिजलेलं असेल तरच.

बसवताना नव्या प्रेशर प्लेटवरचा गंजरोधक तेलाचा थर थिनरने पुसून काढा. हा थर विसरला तर नवा क्लच पहिल्या दिवसापासून घसरतो. प्लेटवर फ्लायव्हीलची बाजू लिहिलेली असते, ती उलटी बसली तर क्लच सुटतच नाही. मधोमध धरायला जुना इनपुट शाफ्ट वापरा. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा. इनपुट शाफ्टच्या दात्यांना ग्रीस अगदी पुसट लावा, जास्त लावलेलं फिरताना उडून लायनिंगवर जातं. बॉक्स आत सरकवताना त्याचं वजन क्षणभरही प्लेटवर लटकू देऊ नका, हब वाकतो.

फ्री प्ले लगेच लावून घ्या. पहिले काही शे किलोमीटर भरलेली गाडी घाटात घालू नका, म्हणजे नवं लायनिंग फ्लायव्हीलवर सगळीकडून नीट बसेल. त्यानंतर एकदा पट्टी लावून फ्री प्ले पुन्हा मोजा. सुरुवातीच्या झिजेने तो थोडा कमी झालेला असतो. नट फिरवून मापावर आणा, आणि खाली वाकलाच आहात तर बेल हाउसिंगचं छिद्र कोरडं आहे का तेही बोटाने बघा.